उजव्या हाताचं दुखणं

गुरुवार, ४ सप्टेंबर

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला! हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, रोज काहीतरी लिहीत जा, डावा हात तयार होईल. काय लिहू? "काहीही. मनातलं." माझ्या मनातलं लिहिलं तर कागद जळेल, बाई.

तर लिहिते. आमची लाँड्री आहे. खाली दुकान, वर दोन बिऱ्हाडं — एकात मी, हे आणि सासूबाई; दुसऱ्यात दीर आणि धाकटी जाऊ. मोठ्या कपड्यांना वाफेची प्रेस लागते. एकीने कापड पसरायचं, हात काढायचा, मग दुसरीने पायाने पेडल दाबायचं. वरचा तापलेला तवा खाली येतो. आम्ही दोघी हे डोळे मिटून करायचो, इतकी सवय. गेल्या महिन्यात कापडाच्या कोपऱ्यात एक चुणी राहिली होती, ती मी सारखी करत होते. हात आत होता. धाकटीने पेडल दाबलं.

तिचं लक्ष कुठे होतं? दारात गिऱ्हाईक आलं होतं, त्याच्याशी बोलत होती. बस्स. एवढंच.

आणि कापड कुठलं? चर्चमधलं. वेदीवरचं! वर्षानुवर्षं आम्हीच धुतो ते, सेवा म्हणून. त्याचंच कापड, आणि भाजला माझा हात. वा रे देवा! चांगले पांग फेडलेस.

शनिवार, ६ सप्टेंबर

तीन बोटं सरळ होत नाहीत. मूठ मिटत नाही. ते एक वेळ चालेल. पण हे दुखणं! आधी मुंग्या, मग सुया, मग कोणीतरी आत उकळतं पाणी ओतल्यासारखं. जखम भरली तरी नस दुखावलीये म्हणे. वेळ लागेल. किती? "सांगता येत नाही." मग तुम्हाला येतं तरी काय, असं विचारणार होते. यांनी डोळे वटारले म्हणून गप्प बसले.

हाताला कुणाला शिवू देत नाही. पांघरूण लागलं तरी ब्रह्मांड आठवतं.

धाकटी रोज जेवणाचं ताट दाराशी ठेवते आणि पळते. मी तिच्याशी बोललेले नाही. काय बोलू? 'काही हरकत नाही' म्हणू? हरकत आहे! चांगली ढळढळीत हरकत आहे.

रविवार, ७ सप्टेंबर

चर्चमधली मिस्साची प्रार्थना झाल्यावर फादर घरी आले, मला कम्युनियनची पवित्र भाकर घेऊन. पोरगेलेसे आहेत, अजून बोलताना कान खाजवतात. प्रार्थना झाली, चहा झाला. मग म्हणाले, "ताई, हे दुखणं वाया घालवू नका."

"मग काय करू? लोणचं घालू?"

कान खाजवला. "ख्रिस्ताच्या दुःखाला जोडा. आणि कुणासाठी तरी अर्पण करा. 'प्रभू, हे तुझ्याबरोबर, अमक्यासाठी' — एवढंच म्हणायचं."

मी म्हटलं, फादर, लहानपणापासून ऐकत आलेय की त्याने क्रुसावर सगळ्या जगाचं तारण केलं. सगळ्या जगाचं! मग त्यात माझ्या तीन बोटांची भर कशाला? त्याचं कमी पडलं का काही?

यावर ते गडबडले. म्हणाले, "कमी काहीच पडलं नाही. पण आई झाडांना पाणी घालते, तेव्हा पोर लहान तांब्या घेऊन मागे मागे येतं ना? आईचं पाणी पुरेसं असतं. तरी ती पोराला हाकलत नाही. आणि त्या तांब्यातलंही पाणी झाडालाच जातं."

सासूबाईंना ऐकू येत नाही असं आम्ही समजतो. पलंगावरून म्हणाल्या, "निम्मं पोराच्या अंगावर सांडतं."

फादर हसले. मी नाही हसले.

सोमवार, ८ सप्टेंबर

दुपारी हात पेटला. कुणी बघत नव्हतं. म्हटलं, बघू तरी. "प्रभू, हे तुझ्याबरोबर. यांच्या डोळ्यांसाठी." यांना मोतीबिंदू आहे, ऑपरेशनला घाबरतात आणि मला सांगतात की घाई कसली.

स्वतःचंच हसू आलं. बाई गं, स्वतःशी बडबडतेस! दुखणं तिळभर कमी झालं नाही. पण एक गोष्ट खरी. दुकानात बिनचिठ्ठीचं गाठोडं आलं की मला चैन पडत नाही — कुणाचं हे, कुठे जायचंय? आज पहिल्यांदा माझ्या दुखण्याला चिठ्ठी लागली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आजचं — सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी. त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "दोन्ही गुडघ्यांसाठी कर, डावा जास्त आहे."

बुधवार, १० सप्टेंबर

समोरच्या सुताराच्या मुलीसाठी. सातवा महिना लागलाय आणि डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हटलंय.

दुखताना तिचं पोट डोळ्यांसमोर आणलं. विचित्र वाटलं, पण बरं वाटलं. क्रुसावर तोही असाच टांगलेला असताना एकेकाचा चेहरा आठवत असेल का? मग माझाही आठवला असेल. मी तेव्हा जन्मालाही आले नव्हते! असो. आपल्याला काय कळतंय त्यातलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

गोळी घेतली की दुखणं निम्म्यावर येतं. म्हणजे अर्पणही निम्मंच की! देवाच्या कामात मापात पाप नको. आजपासून गोळ्या बंद. उशीच्या अभ्र्यात ठेवतेय. यांना सांगायचं नाही.

आजचं अख्खं — सुताराच्या मुलीसाठीच.

रविवार, १४ सप्टेंबर

काय सांगू! परवापासून झोप नाही. काल दात आवळून बसले, वाटलं आपण मोठं काहीतरी करतोय. आज सकाळी हे चहा घेऊन आले, कप देताना यांची बाही हाताला लागली. नुसती बाही. मी किंचाळले आणि कप भिंतीवर फेकला.

यांनी तुकडे गोळा केले. मग मोरीपाशी पाठ करून बराच वेळ उभे राहिले. नळ सोडलेला, पण धूत काहीच नव्हते. यांचे खांदे हलत होते. यांना रडताना मी त्यांच्या वडिलांच्या वेळी पाहिलं होतं, त्यानंतर आज.

नंतर अभ्रा बदलायला घेतला आणि गोळ्या सांडल्या जमिनीवर.

सासूबाई उठून बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला इतकं झाडलं. "अर्पण देवाला आणि कप नवऱ्याला? हे कुठलं गं अर्पण!"

मी तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. चहाचा डाग समोरच होता. तो डाग निघायचा नाही, रंगच द्यावा लागेल.

मंगळवार, १६ सप्टेंबर

यांनीच फादरना बोलावलं असणार. त्यांना पाहूनच मी म्हटलं, सुनावा.

सुनावलं नाही. स्टूल ओढून बसले. "ताई, क्रुसावर तो काय काय बोलला, आठवतं?" मी सांगू लागले. आईला आणि शिष्याला एकमेकांच्या हवाली केलं, शेजारी टांगलेल्या चोराला स्वर्गाचा शब्द दिला...

"आणि पाणी मागितलं," फादर म्हणाले. "तहान लागली होती, ती लपवली नाही. त्याला लाज वाटली नाही हो."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. इतक्या वेळा ऐकलंय!

म्हणाले, देवाला दुखणं गोड लागत नाही. त्याला तुम्ही हव्यात. दुखणं आलंच आहे, तर त्यातही त्याला एकटं टाकू नका आणि स्वतःही एकट्या पडू नका, एवढंच म्हणायचंय. गोळी घेऊन जे उरेल ते खूप आहे. "आणि त्याने ते सगळं प्रेमाने केलं म्हणून जग तरलं. नुसतं सोसण्याने नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोघे सोसतच होते."

गोळी घेतली. त्यांच्यासमोरच. पाणी यांनी दिलं. यांच्याकडे बघून 'चुकलं' म्हटलं, तर म्हणाले, "कप जुनाच होता."

गुरुवार, १८ सप्टेंबर

संध्याकाळी भाऊजी आले. माझे दीर कधी बसत नाहीत, उभ्या उभ्या बोलतात, आज बसले. म्हणजे काहीतरी होतं.

"वहिनी, आम्ही जातोय. दुसऱ्या शहरात एका हॉटेलच्या धुलाईखान्यात काम मिळालंय. २९ला निघू."

"दोघंही?"

"इथे राहिलो तर ती जगायची नाही, वहिनी. प्रेसकडे बघत नाही. जेवत नाही. चर्चला येते, पण कम्युनियनला उठत नाही. मी विचारलं तर म्हणते, त्या हातांनी कशी घेऊ."

यांनी माझ्याकडे पाहिलं. भाऊजींनी पाहिलं. सासूबाईंनी तर बघणं सोडलंच नाही. सगळ्यांना माझ्या तोंडून एक वाक्य हवं होतं. मला ते ठाऊक होतं.

मी म्हटलं, "बरं. नीट जा."

भाऊजी उठले. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तिला जायचंय तर जाईल. मी घालवलं नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

आतापर्यंत कुणाकुणासाठी झालं, आठवत बसले. हे. सासूबाई. सुताराची मुलगी. फादर. माझी गेलेली आई. एवढंच काय, तो तीनदा शर्ट परत आणणारा हेकट मास्तर, त्याच्या दम्यासाठीसुद्धा झालं. सगळ्या जगाचं झालं.

आज दुपारी हात पेटला. "प्रभू, हे तुझ्याबरोबर..." आणि पुढे एकच माणूस उरलं होतं. तोंड उघडेना. मी मुद्दाम दुसरं कोणी शोधलं. सापडेना. शेवटी म्हटलं, आजचं कुणालाच नाही. राहू दे पडून.

हट्टी आहे मी. आहे तर आहे.

सोमवार, २२ सप्टेंबर

आज खाली दुकानात गेले. अपघातानंतर पहिल्यांदा. हे बाहेर गेले होते, सासूबाई झोपल्या होत्या. जिना उतरताना वाटलं, प्रेस बघून घेरी येईल. आली नाही. झाकून ठेवलीये, वरती जुनी चादर.

मागच्या खोलीत धाकटी होती. टेबलावर वेदीचं कापड. साध्या इस्त्रीने करत होती! एवढं लांब कापड, वीतवीत करून. प्रेसवर चुटकीसरशी होतं ते. मागच्या अंगणाचं दार उघडं होतं, जास्वंदीच्या बुंध्याशी माती ओली. म्हणजे पहिलं पाणी तिने तिथे ओतलं होतं. वेदीवरच्या कापडाचं पहिलं पाणी आम्ही मोरीत सोडत नाही, मातीत देतो — ख्रिस्तशरीराचा एखादा कण असलाच त्यात, तर गटारात जायला नको. हे मीच तिला शिकवलं होतं, नवी नवरी होती तेव्हा. विसरली नाही.

तिने मला पाहिलं आणि इस्त्री उभी केली. हात पाठीमागे नेला. पण मी पाहिलं होतं. डाव्या हातावर, मनगटाच्या वर, भाजल्याची खूण. आणि तिच्याखाली आणखी एक, जुनी.

आयुष्य इस्त्रीत गेलं माझं. इस्त्री चुकून लागते तेव्हा काठ लागतो, हात आपोआप मागे येतो, लांबट चट्टा उठतो. ही इस्त्रीच्या टोकाची खूण होती. पूर्ण, ठसठशीत. म्हणजे हात मागे आला नव्हता.

"हे काय आहे?" — तिच्याशी बोललेला माझा पहिला शब्द. भांडणाचाच सूर.

"काही नाही, ताई. लागली."

"मला शिकवतेस?"

ती खाली बघत राहिली. मग इतक्या हळू म्हणाली की इस्त्रीची टिकटिक मोठी वाटली. "तुम्हाला किती दुखलं असेल ते कळेना, ताई. म्हणून."

मी काय म्हणायला हवं होतं! इस्त्रीची वायर भिंतीतून ओढून काढली, डाव्या हाताने, आणि इस्त्री तशीच उचलून वर घेऊन आले. गरम होती. परकर भाजला.

मंगळवार, २३ सप्टेंबर

रडले. खूप. का ते नीट सांगता येत नाही. तिची दया आली म्हणून? नाही, राग अजून आहे. तिथेच आहे, जेवायला बसावा तसा मांडी घालून. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलंय.

मी गोळ्या लपवल्या, तिने हात पोळून घेतला. दोघी एकाच छपराखाली, एकीला दुसरीचा पत्ता नाही! दोघींनी आपापलं सोसणं वाढवलं आणि त्यातून कुणाचंही काही भलं झालं नाही. यांना रडवलं मात्र.

भाऊजींना सांगितलं, इस्त्री यापुढे तुम्ही करा, तिला देऊ नका. कारण विचारलं नाही त्यांनी. त्यांना माहीत होतं बहुतेक.

बुधवार, २४ सप्टेंबर

आजचं — धाकटीसाठी.

लिहिलं बाई एकदाचं. हात तसाच दुखला. आकाशातून देवदूत उतरले नाहीत. उलट वाटलं, घशाखाली खडा गेला. म्हटलं, प्रभू, मला मनापासून येत नाहीये, पण तुझ्या मनापासून चालेल. ज्यांनी तुला खिळे मारले, त्यांच्यासाठी तू आधी मागितलंस. मी सगळ्यात शेवटी मागतेय. पण मागतेय.

मग तिला सांगावं म्हणून दारापर्यंत गेले. आत खोक्यांना चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता. परत आले. तोंडाने सांगणं मला जमायचं नाही. मी 'माफ केलं' म्हटलं तरी ती ऐकून घेईल, मान हलवेल आणि तसंच ओझं घेऊन गाडीत बसेल.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

फादरचा निरोप आला. रविवारी भाकरीची ताटली आणि द्राक्षारस वेदीपर्यंत नेण्याची पाळी आमच्या घराची. हे म्हणाले, मी कळवतो, दुसऱ्या कुणाला द्या. तुला एका हाताने ती पितळी ताटली पेलायची नाही. खरंच आहे. मोठी ताटली आहे ती, जड आहे.

मी म्हटलं, "नाही म्हणू नका. द्राक्षारस तुम्ही घ्या. ताटली मी नेते, आणखी एक माणूस घेऊन."

हे चष्मा काढून पुसायला लागले, आणि तो स्वच्छच होता.

तशीच तिच्याकडे गेले. खोक्यांमध्ये बसली होती. मी सांगितलं तर उठून उभी राहिली, अगदी पांढरी पडली.

"मी? ताई, मी कम्युनियनलासुद्धा जात नाही."

"माहितीये मला."

"लोक बघतील."

"बघू दे की. त्यांना तू तरी दिसशील. मी रोज आरशात बघते, मला तेवढंही चांगलं दिसत नाही."

हसायला आलं तिला, आणि मग तोंडावर हात घेऊन जी रडायला लागली! मी जवळ गेले नाही. हाताला लागेल ही भीती, दुसरं काय. दारातूनच म्हटलं, "नऊच्या मिस्साला. ती निळी साडी नेस, इस्त्री भाऊजींकडून करून घे."

तिने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

सुताराच्या मुलीला आज बसायची परवानगी मिळाली. अजून बाळंत व्हायची आहे, पण सुतार मिशीत हसत होता. माझ्यामुळे असं मुळीच नाही. पण तांब्यातलं पाणी...

धाकटीचा काही निरोप नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

आली. निळी साडी. चर्चच्या मागच्या दाराशी उभी होती.

ताटली तिने दोन्ही हातांनी धरली, मी डाव्या हाताने काठ. मधल्या वाटेवर तिचे हात इतके थरथरायला लागले की ताटलीतल्या भाकरी वाजू लागल्या. सगळे बघत होते. ती पुटपुटली, "ताई, पडेल. माझ्याच्याने नाही होणार."

मी माझा उजवा हात तिच्या हातावर ठेवला. तिने तो ताटलीसकट घट्ट धरला. वेदीपर्यंत खूप दुखला.

काढला नाही.